पेशी क्रमांक सात

रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये पस्तीस दिवस टिकते. छत्तिसाव्या दिवशी ती बाद. किश्श्यांवर मात्र कुणी एक्स्पायरी छापलेली नाही, त्यामुळे ते साठत राहतात. डोंबिवलीच्या एका छोट्या ब्लड बँकेत मी सत्तावीस वर्षं टेक्निशियन आहे. माझ्याकडे किती साठले असतील बघा!

माझे मित्र म्हणतात, "विन्याने सांगितलेल्या गोष्टीला चाराने भागायचं आणि जे उरेल तेही दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्यायचं." बरोबर आहे त्यांचं. मी फेकतो. पण खालच्या गोष्टींना भागू नका, कारण त्या सगळ्या एकाच पिशवीपाशी येऊन थांबतात. माझ्या डाव्या खुब्याच्या ऑपरेशनला लागणारी एक पिशवी. ती हाताशी असल्याशिवाय सर्जन सुरी उचलायला तयार नव्हता, आणि माझ्यासमोरच्या चार फ्रीजमध्ये मिळून तशी एकही नव्हती!

*

आमच्या कामाचं थोडं सांगतो. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळ्यांना माहीत असतं. पण ते म्हणजे नुसतं गावाचं नाव झालं. गल्ली, बिल्डिंग, मजला पुढेच असतो. लाल पेशीच्या अंगावर अशा शेकडो बारीक खुणा असतात. केल, डफी, किड, लुईस. ही सगळी परदेशी माणसांची आडनावं, ज्यांच्या घरात या खुणा पहिल्यांदा सापडल्या त्यांची. आपल्याकडे सापडल्या असत्या तर म्हात्रे-ए, म्हात्रे-बी झालं असतं आणि त्यातही ईस्ट आणि वेस्ट!

आपल्या पेशीवर नसलेली खूण बाहेरून अंगात आली की शरीर तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं. म्हणजे डूख धरतं. हा डूख नेमका कोणावर आहे ते ओळखायला वेगवेगळ्या माणसांच्या पेशींचा एक सेट लागतो. तो परदेशातून येतो आणि आमच्या हातात पडेपर्यंत त्याचं आयुष्य चार दिवसांचं उरलेलं असतं. म्हणून आमच्या इनचार्ज कर्णिक मॅडमनी घरचा सेट सुरू केला. स्टाफचाच! जे जे ओ ग्रुपचे, त्यांनी दर सोमवारी दोन दोन मिली द्यायचं.

मॅडम पेशी क्रमांक एक. डोनर रूमच्या फिलोमिना सिस्टर, उत्तनच्या, त्या चार. व्हॅन चालवणारा म्हात्रे पाच. मी सात. वर्षभरात नावं गळून पडली. "चार कुठेयत?" "चार जेवायला गेल्यात." "सात, जरा इकडे ये रे."

एकदा इन्स्पेक्शनला एक साहेब आले. मॅडम आतून ओरडल्या, "पाच नंबर एक्स्पायर झालाय, फेकून द्या!"

साहेब दचकले. "ये पाँच नंबर कौन है?"

त्यांच्या शेजारी उभा राहून चहा पिणारा म्हात्रे म्हणाला, "मीच तो साहेब. चहा संपवून जातो."

हसा. पण खरं सांगू? आई गेल्यापासून ठाकुर्लीच्या घरात मला हाक मारणारं कुणी नाही. दिवसातून आठ-दहा वेळा कुणीतरी "सात" म्हणायचं, तेवढंच.

*

एक आगरी आजोबा आलेले, प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी. जमिनींवर टॉवर उभे राहिलेले, गळ्यात चेन, मागे तीन मुलगे. त्यांच्या रक्तात केलविरुद्ध अँटीबॉडी निघाली. मी विचारलं, "आजोबा, तुम्हाला पूर्वी कधी रक्त चढवलेलं?"

"मना? कोनाचाच नाय! माझे अंगान फकस्त माझे बापाचा रगत हाय!"

तीनदा विचारलं, तीनदा बाप काढला. शेवटी मागे गप्प बसलेल्या आजी म्हणाल्या, "खोटा नका बोलू. तारगोल्यांचे झारावरशी परलाव तवा कोनी दिलता रगत? तुमचे चुलतभावानीच ना?"

आजोबांचा चेहरा पडला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कारण त्याच चुलतभावाबरोबर यांची चाळीस वर्षं कोर्टात केस चालू होती! मॅडमना राहवलं नाही. त्यांनी निरोप पाठवून चुलतभावाला बोलावून घेतलं आणि त्याची पेशी तपासली. केल पॉझिटिव्ह! आपल्याकडे तशी माणसं फार नाहीत.

म्हणजे चाळीस वर्षं यांच्या अंगात जो डूख फिरत होता, तो त्याच भावावरचा!

चुलतभाऊ बाकावर बसून सगळं ऐकत होता. उठताना एवढंच म्हणाला, "मंग केस मीच जिकलो."

*

आता माझी गोष्ट. विठ्ठलवाडीची एक बाळंतीण आलेली. तिसरं बाळंतपण, हिमोग्लोबिन सहा. तिचं सीरम, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीवालं पिवळं पाणी, परदेशी सेटमधल्या सगळ्या पेशींना गुठळ्या करत होतं. आमच्या घरच्या सेटलाही केल्या. एक, दोन, चार, पाच, सगळ्यांना. फक्त सातला नाही. सात नंबरची ट्यूब हलवली की तळाची लाल टिकली धुरासारखी सुटून जायची.

मॅडमनी चष्मा वर केला. "विनायक, ट्यूबमध्ये पाणी भरलंस?"

"नाही मॅडम."

"मागच्या एप्रिल फूलला रूहअफजा भरलेलं."

"ते एप्रिल फूल होतं, मॅडम!"

दोन दिवस माझा रिझल्ट कुणी रजिस्टरमध्ये लिहिला नाही. माझ्या थापांमुळे माझ्या पेशींवरसुद्धा कुणाचा विश्वास नव्हता! तिसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः माझ्या दंडाला पट्टा बांधला, स्वतः सुई टोचली आणि मला खोलीबाहेर काढून टेस्ट केली. मग नमुना मुंबईच्या मोठ्या लॅबला गेला.

रिपोर्ट आला. रक्तगटांच्या एका कुळाचं नावच 'इंडियन' आहे. त्यातली 'बी' नावाची खूण जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पेशीवर असते. त्या बाळंतिणीच्या नव्हती, आणि माझ्याही नव्हती. हजारोंत शोधून एखादा सापडतो म्हणे. आमच्या वडिलांनी मामाची मुलगी केलेली, त्यामुळे अशा गोष्टी घरातल्या घरात जमून येतात.

म्हात्रे म्हणाला, "म्हणजे दादूस, इंडियन खूण नसलेला एकटा तूच? पासपोर्ट जप!"

मी तिला एक पिशवी दिली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता तुम्ही म्हणाल, मग गरज पडल्यावर तिच्याकडून घ्यायची की! नाही जमत. मी ओ ग्रुपचा, ती बी ग्रुपची. माझं तिला चालतं, तिचं मला नाही. माझी बहुतेक नाती अशीच आहेत!

*

दुर्मिळ रक्ताच्या माणसाने खिशात कार्ड ठेवायचं असतं. लॅबने साधं, गंभीर कार्ड पाठवलेलं. मला ते फारच रटाळ वाटलं. मी स्टेशनजवळच्या प्रिंटरकडून नवीन छापून घेतलं. वर वाघाचं चित्र, खाली 'अतिदुर्मिळ प्राणी. जपून हाताळा.' रक्तगटाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

घोडबंदर रोडला एका डंपरने माझी स्कूटर उडवली. मी बेशुद्ध. हॉस्पिटलवाल्यांनी खिसे तपासले, कार्ड सापडलं. तिथल्या डॉक्टरने नंतर मला सांगितलं, "आम्हाला वाटलं, तुम्ही कुठल्या तरी ट्रेकिंग क्लबचे मेंबर आहात."

दोन पिशव्या साधं ओ पॉझिटिव्ह चढवलं. त्यांची चूक नाही. त्या दिवशी माझ्या अंगात डूख नव्हता, रक्त जुळलंच. जीव वाचला. पण नंतर माझ्या शरीराने ती परकी खूण लक्षात ठेवली. आता माझंही सीरम सगळ्या जगाच्या पेशींना गुठळ्या करतं.

मॅडमनी ते कार्ड माझ्या टेबलावर काचेखाली लावलंय. वाघाची बाजू खाली करून.

*

त्या अपघातानंतर खुबा कुरकुरत होता, तो या वर्षी बसलाच. सर्जन म्हणाला, बदलावा लागेल. आधीच स्वतःचं रक्त काढून ठेवावं, तर दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन माझं हिमोग्लोबिन साडेनऊ. काढता येईना. तारीख चार आठवड्यांनंतरची मिळाली.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'जवळचे नातेवाईक व फोन'. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग ब्लड बँकेचा लँडलाइन नंबर लिहून टाकला.

दोन दिवसांनी फोन वाजला. उचलला मीच. पलीकडे हॉस्पिटलची एक मुलगी.

"विनायकरावांच्या नातेवाइकांशी बोलायचंय."

"बोला."

"पेशंटबरोबर रात्री कोण राहणार?"

"मी."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"तसा फार जवळचा आहे. लहानपणापासून ओळखतो."

"पेशंटचा स्वभाव कसा आहे? घाबरतात का?"

"घाबरतो. पण दाखवत नाही. विनोद करत बसतो."

"मग तुम्ही त्यांच्या जवळच राहा हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर ठेवला तेव्हा फिलोमिना सिस्टर दारात उभ्या होत्या. किती ऐकलं देव जाणे. त्यांनी माझ्या टेबलावर डोनरांसाठीच्या बिस्किटांचा पुडा ठेवला आणि विचारलं, "सात, तुला भाऊ आहे ना रे?"

*

आहे. श्रीकांत, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो, कॉम्प्युटरवाला. लहानपणी मी त्याला सांगायचो, "तू आमचा नाहीसच. तुला विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकड्यावरून आणलाय. पेरूच्या टोपलीत होतास. पेरू आम्ही खाल्ले, तू उरलास." तो रडत आईकडे जायचा, आई मला लाटणं दाखवायची. आमच्या घरातला हा सगळ्यात जुना किस्सा.

आई आजारी पडली, रक्त लागलं. श्रीकांत आमच्याच बँकेत आला. बरोबर बायको, सासू-सासरे. ग्रुप मीच काढला. आई ए, श्रीकांत ओ. आणि मी डोनर रूममध्ये सगळ्यांसमोर ट्यूब नाचवत ओरडलो, "बघा! आईशी जुळत नाही! मी सांगितलेलं ना, विठ्ठलवाडी!"

आईबापाहून मुलाचा ग्रुप वेगळा असणं ही रोजची गोष्ट. मी स्वतःही ओच आहे. पण ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किस्सा पडला असता ना!

कुणी हसलं नाही. आई चौथ्या दिवशी गेली.

तेराव्याला श्रीकांत चपला घालताना म्हणाला, "दादा, मला स्टेशनवरून आणलेलं. माझं इथे काय काम?"

नऊ वर्षं झाली त्याला. आमच्या ट्यूबमध्ये 'किड' या खुणेविरुद्धची अँटीबॉडी फार फसवी असते. काही महिन्यांत इतकी विरळ होते की दिसेनाशी होते. आपण म्हणतो, गेली, विसरली. पुन्हा तेच रक्त द्या, आठवड्यात उसळून वर येते. मी दर दिवाळीला श्रीकांतला मेसेज टाकायचो. दोन निळ्या टिका यायच्या, बस.

*

भावंडांत ही खूण नसण्याची शक्यता चारांत एक. बाहेर शोधायचं तर हजारोंत एक. मॅडम म्हणाल्या, "विनायक, कळव त्याला. आज."

मी मेसेज टाईप केला. 'श्री, माझं ऑपरेशन आहे. माझ्यासारखं रक्त अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मिळत नाही. असलंच तर तुझंच असेल. फक्त तपासायला ये.' पाठवण्याआधी वाचून बघितलं आणि मलाच हसू आलं. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी थाप वाटत होती!

नऊ वर्षांत त्याचं पहिलं उत्तर आलं. 'दादा, आता पुरे.'

मग मॅडमनी स्वतः फोन लावला. एकसष्ट वर्षांची बाई, एमडी, आवाज थोडा घोगरा. "मी डॉक्टर कर्णिक बोलतेय. तुमचे बंधू विनायक..."

पलीकडून श्रीकांत म्हणाला, "दादा, आवाज छान काढलास. पण त्या इतक्या घोगऱ्या नाहीत." आणि कट!

मॅडम फोनकडे बघत राहिल्या. "तू माझे आवाज काढतोस?"

"पूर्वी काढायचो, मॅडम. घरी. आईला हसवायला."

"हं." त्यांनी घसा साफ केला. "म्हात्रे, व्हॅन काढ."

*

म्हात्रे आणि फिलोमिना सिस्टर ब्लड बँकेची व्हॅन घेऊन घोडबंदरला गेले. कापूरबावडीपासून ट्रॅफिक. पंधरा किलोमीटरला दोन तास. गेटवरच्या वॉचमनने विसाव्या मजल्यावर फोन केला, "साब, ब्लड बँक से आये हैं. एक सिस्टर है, सचमुच की."

इकडे मी चार तास एकच ट्यूब धूत बसलेलो. ते परत आले. सिस्टरच्या डब्यात पाच मिली रक्त होतं.

"काय म्हणाला?"

"काही नाही. तुझा रिपोर्ट वाचला. दोनदा. मग बाही वर केली."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

सिस्टरनी म्हात्रेकडे बघितलं. म्हात्रे म्हणाला, "दादूस, मना विचारला, लंगडतो का अजून. मी बोललो, हां. तो बोलला, डाव्या पायानी? मी बोललो, हां. बस."

मी अपघाताचं त्याला कधी कळवलं नव्हतं.

टेस्ट मॅडमनी केली. मला पुन्हा खोलीबाहेर काढलं. काचेतून बघत होतो. माझं सीरम, त्याच्या पेशी. उबवायला अर्धा तास. सेंट्रिफ्यूज फिरला, थांबला. सगळ्यांचं काम थांबलेलं. मॅडमनी ट्यूब दिव्यासमोर धरली आणि हळूच तिरपी केली.

सत्तावीस वर्षं मी ती टिकली बघतोय. सुटते की धरून बसते. इतकी हट्टी टिकली मी कधी बघितली नव्हती. मग कडेने एक बारीक लाल धूर निघाला. मग सगळीच सुटली.

मॅडमनी काचेवर टकटक केलं. "सात! तुझ्या भावानेही पाणी भरलंय!"

*

जुळलं म्हणजे मिळालं असं नाही. मॅडमनी श्रीकांतला रिपोर्ट पाठवला. दोन निळ्या टिका. आठवडा गेला, दुसरा गेला. तारीख अकरा दिवसांवर आली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की भावाचं रक्त तसंही धोक्याचंच. हे मात्र खरं आहे हां! सख्ख्या भावाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुमच्या अंगात बस्तान मांडून तुमच्याशीच भांडायला उठू शकतात. म्हणून ती पिशवी आधी रेडिएशन देऊन आणावी लागते. विज्ञानाने भाऊबंदकी सिद्ध केलेली आहे! म्हात्रे हसला. सिस्टर हसल्या नाहीत.

शनिवारी मी सर्जनकडे तारीख पुढे ढकलायला गेलो. रांगेत दीड तास गेला. परत आलो तेव्हा डोनर रूमची खुर्ची अजून तिरपी होती, चादरीवर डोक्याचा खळगा, बाजूच्या स्टुलावर अर्धा प्यायलेला कॉफीचा कप. म्हात्रे रेडिएशनला न्यायचा डबा बांधत होता.

"कोण आलेलं?" मी विचारलं.

म्हात्रेने डब्यावरचं नाव माझ्याकडे वळवलं.

"कुठेय?"

"गेला," सिस्टर म्हणाल्या. "ट्रॅफिक लागायच्या आत निघतो म्हणाला. तू कधी येशील ते विचारलं. मी म्हटलं, थांब ना थोडा. वीस मिनिटं थांबला. मग गेला."

त्यांनी ड्रॉवरमधून डोनरचा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"नाव, वय, पत्ता, सगळं नीट भरलंय. पण हा रकाना बघ. असं लिहून चालत नाही, ऑडिटला पकडतील. तूच फोन कर त्याला आणि नीट विचारून घे."

रकाना होता 'रुग्णाशी नाते'. अक्षर अजून तसंच, चौथीतल्या मुलासारखं गोल.

'दोघेही एकाच बाकड्यावर सापडलो.'